काही जागा राखीव

जाहिरातीच्या अगदी तळाशी, प्रायोजक सराफांच्या नावाखाली, बारीक टायपात एक ओळ असते : 'प्रवेश विनामूल्य. काही जागा निमंत्रितांसाठी राखीव.' आपल्यासारखा माणूस पहिलं वाक्य वाचून खूश होतो आणि दुसरं वाचून घरी बसतो. नाना दुसरं वाक्यच आधी वाचतात. 'काही' म्हणजे नेमक्या किती? दोन रांगा की चार? निमंत्रित कोण? ते किती वाजता येणार, आणि मुळात येणार का? गाणारा कोण आहे, हे ते त्यानंतर बघतात.

नाना हे कुणा एका माणसाचं नाव नाही. सोयीसाठी आपण त्यांना नाना म्हणू. पुण्यात पेठेगणिक एक आणि कोथरूडात सोसायटीगणिक दोन अशी त्यांची वस्ती आहे. ठाण्यात, डोंबिवलीत, नाशकात, सांगलीत त्यांना अण्णा, अप्पा, भाऊ म्हणत असतील, माल एकच. बँकेतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त, पंच्याहत्तरी नुकतीच ओलांडलेली (हे वय पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा), अंगात खादीचा झब्बा, त्यावर हाफ स्वेटर, खांद्याला शबनम पिशवी. तिकीट लावून गाणं करण्याला आपला विरोध नाही, असं ते नेहमी सांगतात. विरोध नाही हे खरं. पाठिंबाही कुणी पाहिलेला नाही.

त्या शबनम पिशवीत फुगवायची रबरी उशी असते, कानटोपी असते, ओडोमॉसची ट्यूब असते, चहाचा थर्मास असतो. खडीसाखरेची पुडी असते. ती नाना स्वतः खात नाहीत. विलंबित ख्यालात शेजारचा माणूस खोकला की न बोलता त्याच्या तळहातावर दोन खडे ठेवतात आणि अशा नजरेने बघतात की पुढचा खोकला माणूस गिळून टाकतो. आणि असतात चार मोठे रुमाल. नानांना सर्दीचा त्रास नाही. रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा एसटीच्या खिडकीतून आपल्याकडे आला आणि नानांनी तो सुगम संगीतात रुजवला. एक रुमाल स्वतःचा, दुसरा नानींचा, तिसरा 'येतोच म्हणाले होते' अशा मित्राचा. चौथा पिशवीसाठी.

जागाही ठरलेली. तिसरी रांग, डावा कोपरा. कारण विचारलं तर सांगतात की तबलजी गाणाऱ्याच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे. तिथून डग्ग्यावरचं मनगट दिसतं. कारण खरं आहे. चहाची टपरीही त्याच बाजूला असते, हेही खरं आहे.

दिवाळी पहाट हा नानांचा मोठा सण. एरवी साडेसहाच्या आत त्यांना उठलेलं कुणी बघितलेलं नाही. पण नरक चतुर्दशीला पहाटे चार वाजता त्यांचं अभ्यंगस्नान आटोपलेलं असतं आणि पाचच्या ठोक्याला ते सारसबागेत हजर असतात. त्या वेळी तिथे जाऊन बघाच. तळ्यातल्या गणपतीला हात जोडून येणारी माणसं, ओल्या केसांचे अंबाडे, नव्या झब्ब्यांच्या कडक घड्या. वातावरणात उटणं, चंदनी साबण आणि कपाटातून बाहेर निघालेल्या पैठण्यांच्या डांबरगोळ्या यांचा मिळून एक वास भरून राहिलेला असतो. प्रवेशद्वारावर उटण्याची पाकिटं वाटतात. पाकिटावर एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला भावी नगरसेवक. नाना दोन्ही दारांनी आत येतात, त्यामुळे त्यांच्या घरी उटणं शिमग्यापर्यंत पुरतं.

निमंत्रणपत्रिकेत वेळ साडेपाचची असते. ध्वनिवर्धकाचा नियम सकाळी सहाचा आहे. म्हणून साडेपाचची पहाट सहाला उजाडते, आणि प्रमुख पाहुण्यांची त्यानंतर, त्यांच्या सवडीने.

मग दीपप्रज्वलन. बंद नाट्यगृहात हा विधी दीड मिनिटात उरकतो. उघड्यावर त्याला वारा आडवा येतो. समईला पाच वाती आणि व्यासपीठावर सात मान्यवर, हा हिशेब मुळातच चुकलेला. अध्यक्षांनी पहिली वात लावली की आमदार दुसरी लावेपर्यंत ती विझते. दुसरी लागेपर्यंत हातातली मेणबत्ती जाते. काडेपेटी मागवली जाते. एवढ्या मोठ्या दिवाळीच्या कार्यक्रमात काडेपेटी कुणाच्याच खिशात नसते; शेवटी ती तबलजीकडे निघते. अशा वेळी तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज येतो, "अहो, पदराचा आडोसा धरा!" निवेदिका नाइलाजाने पदर पुढे करते, वात लागते, आणि त्या पहाटेची सगळ्यात मनापासूनची टाळी पडते. नाना ती स्वतःच्या खाती जमा करतात.

भाषणांबद्दल फार लिहीत नाही, कारण आपण सगळ्यांनी ती सोसलेली आहेत. 'मी रसिकांचा फार वेळ घेणार नाही' हे शब्द कानावर पडले की नाना मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मग ज्यांनी शाल-श्रीफळ दिलं त्यांना शाल-श्रीफळ. मंचावर तंबोरे लावून बसलेल्या दोन मुली एव्हाना गुडघे बदलून बदलून थकलेल्या असतात, आणि इतक्या कष्टाने लावलेले तंबोरे दवाने उतरलेले असतात.

पहिल्या दोन रांगांतल्या सोफ्यांचं प्रकरण मात्र सावकाश सांगायला हवं. पांढऱ्या अभ्र्याचे सोफे, त्यांवर चिकटपट्टीने लावलेल्या 'मा.' अशी सुरुवात असलेल्या चिठ्ठ्या. गाणं सुरू होतं तेव्हा ते निम्म्याहून अधिक रिकामे असतात. मागे माणसं उभी, झाडांच्या पारावर माणसं बसलेली, कुंपणाच्या गजांत मुलं अडकलेली, आणि पुढे दोन रांगा दव पीत असतात. मध्येच एक मान्यवर येतात. मागे चार कार्यकर्ते, पुढे एक फोटोग्राफर. गाणारा डोळे उघडतो, मान लववतो, एक ओळ जास्तीची घोळवतो. मान्यवर हात हलवतात, दहा मिनिटं बसतात आणि पुढच्या बागेतल्या पहाटेकडे रवाना होतात. नाना याच घटकेची वाट बघत असतात. त्यांच्या मते सोफा आधी धरू नये. तो दवाने ओला असतो. मान्यवर बसून गेलेला सोफा कोरडा आणि ऊबदार मिळतो. लोकप्रतिनिधींचा नागरिकांना झालेला हा एक प्रत्यक्ष उपयोग नाना मोकळेपणाने मान्य करतात.

जाण्याचीही रीत आहे. पहिला अभंग जागेवरच ऐकायचा. दुसऱ्या अभंगाच्या टाळ्या सुरू झाल्या की उठायचं. टाळ्यांच्या वेळी उभा राहिलेला माणूस दाद द्यायला उभा राहिला असंच सगळ्यांना वाटतं. तसाच टाळ्या वाजवत दोन पावलं पुढे सरकायचं आणि टाळ्या थांबता थांबता खाली बसायचं, ते पुढच्या रांगेत. छातीला बिल्ला लावलेला स्वयंसेवक पोरगा धावत येतो.

"काका, ही निमंत्रितांची जागा आहे."

"मग मी काय वाटेवरून आलोय? पावती दाखवू?"

आणि ते खरोखर पावती काढतात. ती गणपतीतली असते, एकावन्न रुपयांची, आणि तिचा या कार्यक्रमाशी काडीचा संबंध नसतो. पण तो पोरगा त्याच मंडळाचा असतो, ती पावती त्यानेच फाडलेली असते, आणि घरोघर फिरताना नानांनी त्याला कसं तिसऱ्या मजल्यावर तीनदा चढायला लावलं होतं हे त्याला चांगलं आठवत असतं. तो गुमान परत जातो.

मालकीची ही भावना हाच नानांचा मूळ स्वभाव. बाग महापालिकेची आणि घरपट्टी नाना भरतात. मांडव मंडळाचा आणि वर्गणी नाना देतात. प्रायोजक सराफ, तर नानींच्या पाटल्या तिथल्याच. सहकारी बँकेने पाच हजार दिले असतील तर तिथे नानांची मुदत ठेव आहे. तेव्हा फुकट काय आहे यात? घरच्याच कार्याला आल्यासारखे ते वावरतात, आणि म्हणूनच त्यांना सगळ्यात दोष दिसतात. 'आवाज फुटतोय', 'एको कमी करा', 'तबला वर घ्या'. साउंडवाल्या मुलाने आता यावर उपाय शोधला आहे. नानांनी हात वर केला की तो एक बटण गंभीर चेहऱ्याने अर्धा इंच फिरवतो. त्या बटणाला मागे वायर नसते. नाना मान डोलावतात, "आता कसं!"

ऐकताना नाना बघण्यासारखे असतात, आणि ते त्यांना ठाऊक असतं. ताल ते मांडीवर धरत नाहीत, हवेत धरतात, मागच्या तीन रांगांना दिसेल असा. काल आला की हात असा उलटा पडतो की शेजारच्या बाईंना आपली पर्स आवरून धरावी लागते. दादीचेही प्रकार आहेत. साध्या तानेला 'हं'. अवघड तानेला 'अरे!' आणि जी तान कळली नाही तिला डोळे मिटून, मान हलवत, 'क्या बात है.' एकदा पहाटेच्या मैफलीत गवयाने मोठी तिहाई घेतली, श्वास रोखून सगळे समेची वाट बघत होते, आणि नेमक्या समेवर बागेबाहेर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. अर्धी बाग दचकली. नाना ओरडले, "वा!" ती दाद गवयाला होती की बॉम्बला, याचा खुलासा त्यांनी अजून केलेला नाही.

नानींचं सांगायचं राहिलंच. नानी मागे असतात, रुमालावर. सोफ्यावर येत नाहीत. लग्नाआधी त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या होत्या, मध्यमा पूर्णपर्यंत. पुढे घर, सासू, मुलं, पापड. हे त्या कुणाला सांगत नाहीत आणि नाना तर मुळीच नाही. घरी परतताना रिक्षात नाना शेजाऱ्याला सांगत असतात, "काय भूप लावला हो बुवांनी!"

"अहो, सकाळच्या पारी भूप कुठला? देशकार होता तो," नानी बाहेर बघत म्हणतात.

"स्वर तेच आहेत."

"स्वर तेच आहेत म्हणूनच सांगावं लागतं."

आणि एकदा त्या सहज बोलून गेल्या, "तुम्ही गाणं ऐकायला जाता की ऐकताना दिसायला, हे मला अजून कळलेलं नाही." नाना त्यावर घरी पोहोचेपर्यंत गप्प होते, म्हणजे सिंहगड रस्त्याच्या गर्दीत बराच वेळ.

त्यांच्या आठवणींचा खजिना वेगळाच. सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी 'लहानपणापासून' ऐकलेला आहे. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी तो १९५३ साली सुरू केला, आणि त्याला तिकीट आहे म्हटल्यावर नानांनी तो रमणबागेच्या भिंतीबाहेर बसून ऐकला, असं ते सांगतात. खाली सतरंजी, वर शाल, थंडीचे दिवस, आतून पहाटेचा तोडी. पुण्यातला त्या वयाचा प्रत्येक माणूस हेच सांगतो. सगळ्यांचं खरं मानलं तर रमणबागेबाहेरची रांग पार अलका टॉकीजपर्यंत गेली असती आणि आत कुणी उरलंच नसतं. अर्थात, बाहेर माणसं बसत हे खोटं नाही. आता महोत्सव मुकुंदनगरच्या मैदानावर होतो. तिथल्या भिंतीची उंची नानांना पसंत नाही.

रात्रभर चालणाऱ्या मैफलीच गेल्या, हे त्यांचं खरं दुःख. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, हा नियम २००० सालचा. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्याला पक्कं बळ दिलं. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. रुग्णालयाशेजारी राहणाऱ्यांना विचारलं तर नियम योग्यच आहे, आणि माझंही मत तेच आहे. पण त्याने गाण्याचं घड्याळ बदललं. मालकंस, दरबारी यांना मध्यरात्र मिळेना, पहाटेच्या रागांना पहाट मिळेना. रात्री पावणेदहाला हवालदार मांडवाच्या कोपऱ्यात येऊन उभा राहतो आणि गवई निमूटपणे भैरवीला हात घालतो. नाना त्या हवालदाराकडे बघून म्हणतात, "आमच्या वेळी भैरवी कोंबडा आरवला की व्हायची. आता साहेबांनी घड्याळात बघितलं की होते."

फुकट मैफलीपायी नाना किती खर्च करतात, हा संशोधनाचा विषय आहे. फेब्रुवारीत मुंबईत काळा घोड्याचा महोत्सव भरतो, १९९९ पासून. नऊ दिवस, सगळं मोफत. त्यासाठी नाना डेक्कन क्वीनने जातात, दुपारी फोर्टात जेवतात, संध्याकाळी ऐकतात, रात्री चुलतभावाकडे मुक्काम करतात आणि जाताना भावाच्या नातवंडांसाठी बाकरवडी घेऊन जातात. एकूण आकडा काढला तर पुण्यात बसून चार तिकिटं आली असती. "प्रवासखर्च वेगळा धरायचा असतो," नाना म्हणतात. बँकेतली सवय.

त्यांचं वय लक्षात ठेवायला सांगितलं होतं. एसटीने २०२२ साली पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. त्या दिवसापासून नानांचा भूगोल विस्तारला. स्वारगेटला ते आधार कार्ड पुढे करतात, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. ती तिकिटं त्यांनी जपून ठेवली आहेत. आयुष्यात ज्या तिकिटांचा अभिमान वाटावा अशी ती पहिलीच. नानींना अर्धं तिकीट पडतं, त्यावरून ते कराडपर्यंत हळहळतात.

अशाच शून्य रुपयांत ते मिरजेला गेले होते. मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला संगीतसभा होते. अब्दुल करीम खाँसाहेब दर उरुसाला तिथे चिंचेच्या झाडाखाली बसून गात. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, त्यांना आणून दफन केलं ते याच दर्ग्याच्या आवारात. त्यांच्या स्मरणार्थ अजून गवई येतात आणि हजेरी म्हणून गातात. तिथे गेल्यावर नानांची पहिल्यांदा पंचाईत झाली. सोफे नाहीत. राखीव जागा नाहीत. खुर्चीच नाही तर रुमाल टाकणार कशावर? सगळे खाली, जिथे जागा मिळेल तिथे. समया नाहीत, शाली नाहीत, कुणी कुणाचा परिचय करून देत नाही.

शेजारी एक म्हातारा मांडी घालून बसला होता. नानांनी सवयीप्रमाणे तंबोरे लागत असतानाच 'वाहवा' म्हटलं. म्हाताऱ्याने मान वळवली नाही, एवढंच पुटपुटला, "जवारी बसली नाही अजून. डावीकडच्याची." मंचावरच्या बाईंनीही त्याच क्षणी डावीकडच्या तंबोऱ्याकडे बघितलं, आणि साथीदाराने जवारीचा दोरा सरकवला. म्हातारा सतारमेकर होता. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते असल्या कानांमुळे. त्या रात्री नानांनी हवेत हात उचलला नाही. नानी सांगतात, त्यांनी मांडीवरसुद्धा ताल धरला नाही, नुसतं ऐकलं. परतीच्या एसटीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं : "तिथे साउंडवाल्याला काही सांगावं लागलं नाही."

दोन वर्षांमागच्या गणपतीतली गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली. आमच्या चौकातल्या मंडळाने सातव्या दिवशी गाणं ठेवलं होतं. गाणारी मुलगी विशी-बाविशीची, नाव कुणी ऐकलेलं नाही. ऐनवेळी मोठे गायक आले नाहीत म्हणून हिला बोलावलेली. आदल्या वर्षी एका फार मोठ्या गायकाच्या कार्यक्रमातून नाना पंधरा मिनिटांत उठून गेले होते, आकाश निरभ्र असताना. 'बुवा गळ्याने गात नाहीत, पत्रिकेतल्या नावाने गातात' हा शेरा त्यांनी मांडवाबाहेर पडता पडता दिला होता. तेव्हा या मुलीचं काय होणार हे ठरल्यासारखंच होतं.

तिने अभंग सुरू केला आणि भाद्रपदातला पाऊस आला. आधी थेंब, मग धो धो. खुर्च्यांवरची माणसं पांगली. मंडळाच्या पोरांनी तबल्यावर प्लास्टिक टाकलं. साउंडवाल्याने शॉक बसायची भीती घालून सगळं बंद केलं. माईक गेला, दिवे निम्मे गेले. मुलगी थांबली नाही. आता तिचा आवाज जेमतेम दोन रांगा पोहोचत होता. तेव्हा नाना उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि मंचाच्या कडेला जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागून तीस-चाळीस माणसं गेली. सगळ्यांच्या डोक्यावर खुर्च्या, खुर्च्यांचे पाय आकाशाकडे, पाण्याच्या धारा कोपरांवरून वाहताहेत आणि खाली ती मुलगी गातेय. नानी पुढे, मंचाला हात टेकून. नाना ताल धरू शकत नव्हते, दोन्ही हात खुर्चीत अडकलेले. दाद म्हणून ते डोक्यावरची खुर्चीच थोडी वर उचलत होते, आणि त्यांच्या मागची माणसंही.

अभंग संपल्यावर नाना तिला 'क्या बात है' म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोरी, परत कुठे आहे तुझं?"

"पुढच्या रविवारी आहे काका, नाट्यगृहात." मग जरा चाचरत, "पण तिथे तिकीट आहे."

नानांनी तिकीट काढलं. दोन काढली, दोनशे रुपयांची एक. पेठेत ही बातमी गणपती विसर्जनापेक्षा लवकर पोहोचली. काही लोकांनी त्यांची प्रकृती विचारली.

सोमवारी सकाळी नाना टपरीवर भेटले. चेहरा पडलेला. गाणं कसं झालं म्हटलं. "गायली चांगली," ते म्हणाले, "पण ऐकायला मजा आली नाही." खुर्ची फार मऊ होती, तिने झोप येत होती. एसीने मान आखडली. खडीसाखर द्यायला हात केला तर शेजारच्या बाई दचकून सरकल्या. निवेदकाने बराच वेळ घेतला, पण मागून ओरडायची सोय नाही. मध्यंतरानंतर एक मोठे उस्ताद बसले होते जुगलबंदीला, ते काही केल्या रंगेनात. "मग उठून यायचं," मी म्हटलं.

"कसा उठणार? पैसे भरलेले होते ना!"

हे वाक्य नाना तक्रारीच्या सुरात बोलले, पण मला वाटतं उघड्यावरच्या मैफलीबद्दल त्याहून नेमकं कुणी बोललेलं नाही. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल होईपर्यंत बसतो, आणि वसूल झाले नाहीत तर झाले असं सांगत घरी जातो. तो कंटाळला आहे हे त्याच्या बायकोलाही कळत नाही. बागेतल्या माणसाला कशाचीच वसुली करायची नसते. त्याच्या एका बाजूला वडापावची गाडी असते, दुसऱ्या बाजूला नातू 'घरी चला' म्हणून ओढत असतो, वर डास असतात, आणि उठायला कुणाची परवानगी लागत नाही. तरी तो बसलेला असेल तर ते फक्त गाण्यामुळे. पट्टीचे कलाकार हे ओळखून असतात. तिसऱ्या रांगेत डाव्या कोपऱ्यात रबरी उशीवरचा माणूस हलला, की ते अंतरा आवरता घेतात.

आता आयोजकांना, म्हणजे मंडळांना, बँकांना, सराफांना, बिल्डरांना आणि भावी नगरसेवकांना, नानांच्या वतीने एक विनंती. सत्कार सुरुवातीला नकोत आणि मध्येही नकोत. भैरवी झाल्यावर, अगदी शेवटी ठेवा. तेव्हा समोर कुणी उरणार नाही ही तुमची अडचण आम्हाला मान्य आहे. पण सोफे तेव्हाही मांडलेलेच असतील.